कातड्याचे पट्टे

उपेंद्र घराजवळच्या बसवनगुडीच्या टेकाडापलीकडे जन्मात कधी काही चढला नव्हता. अशा माणसाने एकसष्ट साली हिमालयाची स्वप्नं पाहावीत, म्हणजे कमालच! पण ऑफिसातल्या गिर्यारोहण मंडळाने जाहीर केलं होतं, की रविवारी जे सावनदुर्ग चढतील त्यांच्यातूनच चौघांना उन्हाळ्यात हिमालयात नेणार. तेव्हापासून त्याची झोप उडाली होती.

मंडळाचे प्रमुख शिवाप्पा लष्करातले निवृत्त हवालदार. पाण्याची बाटली, घोंगडी, टॉर्च, दुपारचं खाणं आणि हे सगळं मावेल अशी पाठीवरची पिशवी, असं सामान त्यांनी सांगितलं. हात मोकळे हवेत, हे दोनदा बजावलं. उपेंद्रने दंडूच्या, म्हणजे लष्करी छावणीच्या, बाजारातून जुनी लष्करी पिशवी आणली. जाड कॅनव्हासची, रुंद कातड्याच्या पट्ट्यांची. शनिवारी त्याने ती तीनदा भरली आणि तीनदा रिकामी केली.

घरात माणसं दोन. तो आणि थोरली बहीण पद्मावती. तेराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेल्या या अक्कानेच त्याला लहानाचा मोठा केला. तिचं सोवळं असं कडक, की देवसुद्धा तिच्या स्वयंपाकघरात बिचकत येत असावेत.

रविवारी पहाटे उपेंद्रने पिशवी उचलली आणि पट्टे चाचपले. कातडं गायब! त्या जागी जुन्या लुगड्याचे काठ, चौपदरी घडी घालून शिवलेले.

"दशम्या ठेवायच्या त्यात, आणि कातडं कसं रे चालेल?" अक्का म्हणाली. "काल तू बाहेर गेलास तेव्हा उसवलं आणि केरवालीला देऊन टाकलं. बघ, किती मऊ झालेत पट्टे. खांदे दुखायचे नाहीत तुझे."

तिच्या बोटांवर सुई टोचल्याच्या खुणा दिसत होत्या. आता ओरडणार तरी कुणावर? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! "सरी, अक्का," असा होकार भरून तो निघाला.

सावनदुर्गाच्या पायथ्याशी शिवाप्पांनी एकेकाचं सामान तपासलं. उपेंद्रच्या पिशवीचा पट्टा त्यांनी दोन्ही हातांनी ओढला, तसा तो टर्रकन फाटला.

"सार, मी स्वल्प सांभाळून चढतो. दोरीने बांधतो पिशवी."

"दोरी जीव बांधायला आणलीय, पिशवी नाही," शिवाप्पा म्हणाले. "खडकावर ओझं सरकलं की माणूसही सरकतो. तुम्ही खालीच थांबा."

उपेंद्र थांबला. वर जाणारी माणसं मुंगीएवढी झाली, मग दिसेनाशी झाली. दुपारी त्याने दशम्या खाल्ल्या. त्या इतक्या सुरेख झाल्या होत्या की त्याला रडूच फुटलं.

संध्याकाळी अक्का दारातच उभी होती. तो सुखरूप येईपर्यंत तिने तोंडात पाणीही घेतलं नव्हतं.

"चढलास ना रे? काय दिसलं वरून?"

खरं सांगितलं असतं तर दोष तिच्याच शिवणीवर गेला असता. परतीच्या बसमध्ये इतरांकडून ऐकलेलं तो सांगू लागला. खालून जाणारे ढग, चिमुकलं तळं, लांबवर मागडीची देवळं. अक्का डोळे मिटून ऐकत राहिली.

"मी मेली कुठं जाणार?" ती म्हणाली. "तू बघितलंस, म्हणजे मीच बघितलं. हिमालयात कधी नेणार रे तुला?"

"उन्हाळ्यात," तो म्हणाला.

अक्का बोटांवर महिने मोजू लागली.