गोल्डन हँडशेकचा अर्थ

कापड गिरणीच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून तिला चिकटवलं होतं ते मामानेच. तो स्वतः बावीस वर्षं मागावर. इंग्रजीच्या नावाने त्याची बोंब, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो तिच्या टेबलापाशी आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब म्हणाले, मला गोल्डन हँडशेक देणार. म्हणजे काय गं?"

गोल्डन हँडशेक मिळणाऱ्यांची यादी सकाळी तिनेच टाईप केली होती. थोडीफार रक्कम हातावर टेकवून माणसाला कायमचं घरी पाठवायचं, हा त्याचा अर्थ. यादीत मामाचं नाव चौथं. शुक्रवारपर्यंत बाहेर अवाक्षर काढलंस तर तुझीही गच्छंती, अशी तंबी मॅनेजरने दिली होती.

"शब्दशः म्हटलं तर सोनेरी हस्तांदोलन," ती म्हणाली. "मानाचं असतं."

मामाचा चेहरा असा खुलला, की पुढचं सांगायचं सोडून तिने टाइपरायटरला नवा कागद लावला.

शुक्रवारी गिरणीतल्या कार्यक्रमाला तो मामीला सोबत घेऊन आला. सत्कार आहे म्हणून मामीने ठेवणीतले कपडे घातले होते. दोघं पहिल्या रांगेत बसली. मॅनेजरने नावं वाचली, लिफाफे वाटले आणि सोमवारपासून यायची गरज नाही, असं साखर पेरून सांगितलं. टाळ्यांसाठी उचललेले मामीचे हात तसेच राहिले. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

रविवारी ती त्यांच्याकडे गेली. मामा मोरीतला गळका नळ उघडून बसला होता.

"मामा, मला माहीत होतं."

"यादीचं?"

"यादीचं आणि अर्थाचंही. नोकरी जाईल म्हणून घाबरले."

त्याने पाना फिरवला. "माझी नोकरी जायची ती गेलीच असती. ते काही तुझ्या हातात नव्हतं. पण हिला मी नटवून नेलं गं. चारचौघांत."

तिला रडू फुटलं. त्याने समजूत घातली नाही, तो रागावलाही नाही. "बॅटरी धर," एवढंच म्हणाला.

मामी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. पुढे मामाला दुसरीकडे काम लागलं, तो पूर्वीसारखा बोलूही लागला. मामी मात्र तिच्याशी आजही कामापुरतंच बोलते, आणि तिलाही ते रास्तच वाटतं.