तात्याबाचं अंथरूण

शहाण्णव सालचा गळिताचा हंगाम. बारामतीच्या एका दवाखान्यात तात्याबाचे दोन्ही हात पट्टीनं खाटेच्या दांड्यांना बांधून ठेवले होते, आणि ताप उतरून तर चार दिवस झाले होते! छातीत कफ भरला म्हणून इंदापूरकडच्या वस्तीवरून त्याला आणलं. दुसऱ्याच दिवशी तो खाटेवरून उतरायला गेला तो धाडकन आपटला, सलाईनची सुई उपसली, रक्त सांडलं. मग बांधला. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेला गडी खुंट्याच्या बकऱ्यागत पडून होता. पाठीची आग होत होती, पाय वळेनासे झाले होते. आणखी आठ दिवस असे गेले तर आपण काही पुन्हा उभं राहत नाही, हे त्याला कळून चुकलं होतं.

कळून करतो काय? डॉक्टर यायचे ते मानसिंगला विचारायचे, बाबांना झोप लागते का. मानसिंग म्हणजे त्याचा लेक, भवानीनगरला कारखान्यात पाळी करून यायचा. तो सांगायचा, लागते. अरे, ज्याची झोप त्याला विचारा की! पण म्हाताऱ्यालाही तोंड असतं हे कुणाच्या ध्यानात येईल तर शपथ.

तात्याबाचं मागणं एकच होतं, मला भुईवर घ्या. घात झाला तो तिथंच. आपल्याकडं माणसाला भुईवर घेतात ते शेवटच्या घटकेला, तोंडात पाणी घालायला. त्यानं तसं म्हटलं की त्याची बायको सिंधुबाई तोंडात पदर कोंबून रडायची आणि मानसिंग गाठी आणखी आवळायचा. रागानं तात्याबाच्या डोळ्यांत पाणी यायचं. तेही त्याला पुसता येत नव्हतं.

ताप उतरल्याच्या पाचव्या दिवशी रोहिणी नावाची नवी सिस्टर आली. तिनं वाकून त्यालाच विचारलं, "आबा, भुईवर कशाला?"

तात्याबानं मान तिच्याकडं वळवली.

"झोपायला, पोरी. जल्मात कधी खाटंवर निजलो न्हाय. डोळा लागला की पडल्यागत व्हतंय, म्हून उतरतो."

रोहिणीनं डॉक्टरांना विचारून कोपऱ्यात गादी अंथरली, गाठी सोडल्या आणि वॉर्डबॉयच्या मदतीनं त्याला खाली निजवलं. पाठीला भुई लागली आणि तात्याबा घोरायलाच लागला.

दुपारी सिंधुबाई लेकाबरोबर भाकरी घेऊन आली. बघते तर नवरा भुईवर, डोळे मिटलेले, आवाज ना हालचाल! तिनं दारातच बसकण मारली आणि हंबरडा फोडला. मानसिंगनं कुणाला काही विचारलं नाही. हंबरड्यानं जागा झालेल्या बापाला काखेत धरून उचललं, खाटेवर ठेवलं आणि पट्टी हातात घेतली.

तात्याबानं त्याचं मनगट धरलं. हातात जोर नव्हता, पण सोडलं नाही.

"लेका, मेल्यावर बांध."

मानसिंगचा हात तसाच राहिला. सिंधुबाई रडायची थांबली. डोळे पुसून ती उठली, कोपऱ्यातल्या गादीवर जाऊन बसली आणि भाकरीच्या फडक्याची गाठ तिथंच सोडली.

"घे त्यास्नी भुईवर," ती लेकाला म्हणाली. "जेवायचंय आमास्नी."