मंगळवारची पाळी

पोत्यात गुंडाळलेली पाण्याची मोटर आपल्या सायकलच्या कॅरियरला बांधून थोरला घाईघाईने घरी निघाला होता. फाट्यावर पोलिसांची जीप दिसली आणि या शहाण्याने सायकल बांधावरच्या पायवाटेला वळवली. तिथेच घात झाला.

"ओ काका, थांबा! पोत्यात काय आहे?" हवालदार ओरडला.

"मोटर आहे साहेब. घरचीच."

"मग आम्हाला बघून पळालात कशाला?"

"पळालो कुठे? ही वाट जवळची आहे."

हवालदाराने पोतं सोडलं आणि खिशातला कागद उलगडला. "हिरवा रंग, तीन एचपी, एक बोल्ट तुटका. सकाळीच चोरीची तक्रार आलीय. उगाच नाही अडवलं तुम्हाला. तक्रारदाराला बोलावतो, तोवर हलायचं नाही."

तक्रार कुणाची, हे थोरल्याला विचारावं लागलं नाही. विहीर दोघा भावांची सामाईक, मोटरही सामाईक, पाण्याचे वार वाटून घेतलेले. काल मंगळवार, म्हणजे धाकट्याची पाळी. तो सासुरवाडीला गेलेला पाहून थोरल्याने गुपचूप आपल्या मिरचीला पाणी सोडलं. विहिरीचं पाणी संपलं तरी मोटर फिरत राहिली आणि जळाली. बोभाटा नको म्हणून तो पहाटेच ती दुरुस्तीला घेऊन गेला होता. आता खरं सांगावं तर गावभर पाणीचोर, गप्प बसावं तर मोटरचोर.

धाकटा मोटरसायकलवरून आला. भावाला बघून जागीच थबकला. मग वाकून त्याने मोटरचा वास घेतला. जळालेल्या मोटरची तार नव्याने भरल्यावर लावतात ते वार्निश ताजं होतं. काय झालं ते त्याला बरोबर कळलं.

"ओळखता यांना?" हवालदाराने विचारलं.

"दादा आहे माझा. चुकलंच साहेब, मीच त्याला मोटर दुरुस्तीला न्यायला सांगितलं होतं. डोक्यातून गेलं."

हवालदाराने त्याला चार शब्द सुनावले, तसं लिहून घेतलं आणि तो जीपकडे वळला.

थोरल्याचे डोळे भरून आले. "माझी लाज राखलीस रे."

"राखली ना? मग पाऊस पडेपर्यंत सगळे वार माझे."

"अरे, आणि माझी मिरची?"

"जीप अजून इथेच आहे दादा. बोलावू हवालदारांना?"

थोरल्याने मुकाट्याने मोटर पुन्हा कॅरियरला बांधली. घरी जाऊन ती बसवायला विहिरीत त्यालाच उतरायचं होतं.