रिकामा केलेला खण

मी एक जुनं काचेचं कपाट आहे, मित्रांनो. मुखेडच्या एका किराणा दुकानात माझी जागा आहे. कंधारच्या सुताराने मला सागवानाचं घडवलं. माझ्यात पहिल्यांदा बिस्किटांचे पुडे लागले, तेव्हा गिऱ्हाइकं माझं कौतुक करत आणि माझ्याच काचेत बघून भांग नीट करत. पुढे स्टीलच्या मांडण्या आल्या आणि मला कोपऱ्यात सरकवलं.

रोज चारच्या सुमारास मारोतीकाका येत. दारूने त्यांना पुरतं पोखरलं होतं; गेली तीन वर्षं ते घेत नव्हते. त्यांच्या पत्नी कोंडाबाई त्यांना एकट्याला फक्त याच दुकानात पाठवत. काका पिशवी दोन्ही हातांनी धरून उभे राहत.

मागच्या महिन्यात दुकानाचे मालक राघवेंद्रशेठ यांनी माझा मधला खण रिकामा केला. किराणा दुकानांना वाइन विकायची परवानगी मिळणार, अशी बोलवा होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच कोंडाबाई आल्या.

"शेठ, ह्यात दारू ठिवनार म्हनं?"

"दारू न्हाई हो मावशी, वाइन. द्राक्षाची असते."

"मोहाची फुलं बी झाडालाच लागत्यात की!"

शेठ हसले. "ज्याला प्यायची तो कुठूनबी शोधून पितो."

"शोधावी लागती म्हनून तर वाचलाय त्यो. शोधाया निघाला की मी वाटंत गाठते. हितं साखरंबरूबर मिळाली, तर कुठं गाठू?"

शेठनी त्यांचं सामान बांधून दिलं. खण मात्र त्यांनी पुन्हा बिस्किटांनी भरला नाही, वाइनसाठी रिकामाच ठेवला.

त्या दिवशी काका आले आणि रिकाम्या खणाकडे बघतच राहिले.

"बाटल्या कवा येनार हायत, शेठ?"

"अजून कशात काय न्हाई, काका."

"माझा मला भरवसा न्हाई. मी आपला भाईरूनच सामान मागत जाईन."

परवानगी अजून आलेली नाही. तरी दारात टेम्पो थांबला की माझी काच थरथरते. खोक्यांतून तेलाच्या पिशव्या निघाल्या की मला हायसं वाटतं, पण तेवढ्यापुरतंच. काका त्या दिवसापासून पायरी चढलेले नाहीत. ते उन्हात, रस्त्यावर, दुकानाकडे पाठ करून उभे राहतात आणि तसेच साखर मागतात.

मित्रांनो, मी लाकूड आहे. मालक ठेवतील ते मला धरावं लागेल. तुम्हाला मात्र बोलता येतं. तुमच्या गावात हा प्रश्न निघाला, तर बोलण्याआधी एकदा दुकानाबाहेर या आणि उन्हात कोण उभं आहे ते बघा.