नाण्याने ठरवलेला स्वभाव

मिरची हे काही तिचं खरं नाव नव्हे. वर्षापूर्वी तिला कुणी तसं म्हणतही नव्हतं. मानसशास्त्र विभागात ती सहा वर्षं मदतनीस होती. प्रयोगाला येणाऱ्या माणसांना बसवायचं, पाणी द्यायचं, कुणी घाबरलं असेल तर धीर द्यायचा, एखादीचं बाळ रडायला लागलं तर कडेवर घेऊन फिरायचं, हे तिचं काम. मग तिथल्या प्राध्यापक मॅडमनी नवा प्रयोग काढला आणि सगळा विचका झाला.

प्रयोग असा. बाहेरच्या खोलीत मदतनिसाने आलेल्या माणसाशी गोड तरी बोलायचं, नाहीतर तुसडेपणाने. मग आतल्या खोलीत मॅडमनी त्या माणसाला स्वच्छ सांगायचं की, बाहेर जे ऐकलंत ते आम्हीच लिहून दिलं होतं, पाठ करून घेतलं होतं. आणि वर विचारायचं, “आता सांगा, ती व्यक्ती मुळात कशी आहे?”

गोड कोण आणि तुसडं कोण, हे मॅडमनी नाणं उडवून ठरवलं. काटा पडला आणि तुसडेपणा मिरचीच्या वाट्याला आला. दुसरा मदतनीस गोड झाला, आणि त्याचं नाव गोडबोल्या पडलं. हा गोडबोल्या म्हणजे ओठात एक, पोटात एक. माणसाची पाठ वळली रे वळली की त्याच्या चालण्याची नक्कल करून दाखवायचा. पण नाण्याला काय कळतंय!

आत गेलेले लोक सांगायचे, “बाहेरची बाई मुळातच खडूस हो. लिहून दिलं म्हणून काय झालं? आत असल्याशिवाय इतकं येत नाही.” मॅडम जाम खूश. कानीकपाळी ओरडून सांगितलं तरी माणूस दुसऱ्याच्या वागण्यातून त्याचा स्वभावच काढतो, त्याच्यावर काय वेळ आली आहे ते बघतच नाही, हे त्या सभांमधून सांगायच्या आणि टाळ्या घ्यायच्या. मिरचीही तेव्हा हसली. शिपाई “आली मिरची” म्हणायला लागला, तेव्हासुद्धा हसली.

कारण विभागात कायमची जागा निघाली होती. प्रयोगाला येणाऱ्या माणसांना सांभाळायची जागा, म्हणजे तिचंच काम. भावाच्या घरात ती पॅसेजमध्ये झोपायची. वहिनी रोज भांडी आपटत विचारायची, “काय हो, झालात का कायम?” कायम झाली असती तर एक खोली घेतली असती, आपली, आतून कडी लावता येईल अशी. तिने ती बघूनही ठेवली होती.

सोमवारी सकाळी जागा गोडबोल्याला मिळाली. हातातोंडाशी आलेला घास गेला. ती तडक मॅडमच्या खोलीत गेली.

“बस ना,” मॅडम म्हणाल्या.

“उभीच बरी आहे. माझं काय चुकलं तेवढं सांगा.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. ही जागा माणसांशी बोलायची. तिथे मृदू माणूस लागतो. तुझ्या बोलण्याला जरा धार आहे.”

“धार? मॅडम, ती तुम्ही लिहून दिलीत! शब्द तुमचे. मी मऊ बोलले की तुम्हीच म्हणायचात, अजून टोचू दे.”

“ते मला माहीत आहे गं. पण तू ते इतकं झकास करायचीस! आत कुठेतरी असल्याशिवाय तसं येत नाही.”

मिरची बघतच राहिली. बाईला आपलंच वाक्य ऐकू येईल म्हणून ती थांबली. कसलं काय! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“आणि नाणं उलटं पडलं असतं तर?”

“बघ, आत्ता कशी बोलतेस,” मॅडम दुखावल्यासारख्या म्हणाल्या. “हेच म्हणत होते मी.”

आता गप्प बसावं तर कबुली, ओरडावं तर पुरावा, आणि गोड बोलावं तर नाटक. तिन्ही वाटा बंद. मॅडमनी चष्मा परत चढवला. “शेवटची एक मुलगी यायची आहे. तेवढं उरकून टाक.”

मुलगी उशिरा आली, धापा टाकत, खांद्यावर जड पिशवी. “सॉरी, मला जरा…”

“या! तुमचीच आरती ओवाळायची राहिली होती,” मिरची म्हणाली. “तिथे नका बसू. डोळे आहेत ना? लोकांनी तुमची वाट बघत जन्म काढायचा का? घरी कुणी वळण लावलं नाही वाटतं?”

यातलं एक वाक्यही मॅडमच्या कागदावर नव्हतं. मुलीची हनुवटी थरथरायला लागली. आणि खोटं कशाला बोला, ते बघून मिरचीला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं.

मुलगी आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती सरळ टेबलापाशी येऊन उभी राहिली. मागे दारात मॅडम होत्या.

“ताई, मॅडमनी सांगितलं मला. तुम्हाला तसं बोलायला लावलं होतं ना? मी त्यांना म्हटलं, त्यावरून यांचा स्वभाव कसा कळणार? मी तर यांना ओळखतही नाही.” तिने डोळे पुसले. “रोज असं बोलायचं म्हणजे तुम्हालाच किती त्रास होत असेल.”

हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून मिरची इतके दिवस झुरत होती. ते आलं, आणि नेमकं आज आलं. मॅडम दारातून म्हणाल्या, “इतक्या लोकांत ही एकटीच बरोबर बोलली हं!”

मिरचीला रडू कोसळेल असं वाटलं. गप्प बसली असती तर मुलगी हसून निघून गेली असती. पण तिला ते जमेना.

“नाही गं बाई,” ती म्हणाली. “आज मला कुणी लावलं नव्हतं. माझा राग दुसऱ्यावर होता, तो तुझ्यावर काढला. चुकलं माझं.”

मुलीचा चेहरा उतरला. तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि जिना उतरून गेली.

मॅडमनी मान हलवली. “मी म्हणत नव्हते?” त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.