तणसात पिकलेली नाशपाती

मित्रांनो, आंधळगावात येऊन कुणालाही विचारा, यादोरावांच्या घरामागचं ते परदेशी झाड कुठलं? लोक माझ्याकडे बोट दाखवतील आणि वर सांगतील, की ते झाड थापा फार मारतं. यातली एकच गोष्ट खोटी आहे. मी परदेशी नाही, पंजाबातला आहे. मी नाशपातीचं झाड.

यादोराव आणि लीलाबाईंचा मुलगा धर्मेंद्र तिकडे मोबाईलचे टॉवर उभारायच्या कामावर असतो. एका हिवाळ्यात घरी येताना त्याने मला ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलं. रेल्वेत मी बर्थवर ताणून दिली आणि तो रात्रभर माझ्या पायाशी बसला, असं मी सांगतो. तो उलटं सांगतो. जाताना मात्र तो आईला एवढंच म्हणाला होता, की माझी आठवण आली तर याला पाणी घालत जा. लीलाबाईंना त्याची आठवण फार येई. पहिल्या वर्षी मी बुडता बुडता वाचलो.

आता माझं एक गुपित. मी दिसतो एक, पण आहे दोन. रोपवाटिकेतल्या माळ्याने कैंथ नावाच्या डोंगरी नाशपातीच्या मुळावर माझं गोड कलम बांधलं. म्हणून गुडघ्याखाली मी रानटी आणि वर सभ्य. त्या जोडापाशी अजून गाठ आहे. तिच्या खालून काटेरी फुटवे निघत आणि यादोरावांचं धोतर धरून ठेवत. ते विळा घेऊन येत आणि लीलाबाई आड येत. "राहू द्या जी एक तरी. ताराबाईची बकरी काट्यांले भिऊन इकडं येत नाही," असं म्हणून त्यांनी एक फुटवा वाचवला. तो माझ्याच उंचीचा झाला.

इथला उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. मे महिन्यात तळ्यातले मासे घाम पुसायला काठावर येऊन बसतात, मी स्वतः पाहिलं आहे. तरी मी टिकलो, कारण माझी मुळं खोल जातात. शेजारच्या ताराबाईंच्या विहिरीचं पाणी आधी मी चाखतो आणि मग त्यांच्या बादलीत पाठवतो. माझी पानं तुकतुकीत, गोलसर, टोकाला निमुळती आणि कडेला बारीक करवतीसारखी असतात. देठ लांब, म्हणून जरा वारा आला की ती नाचू लागतात. हिवाळ्यात मी ती सगळी टाकून गाढ झोपतो. आम्हाला थंडीतली झोप लागतेच, ती झाली नाही तर फुलं येत नाहीत. माझी जात थोड्या थंडीवर भागवणारी, म्हणून इथल्या भंडारा जिल्ह्यातल्या जेमतेम गारठ्यातही माझं जमून गेलं.

फुलं आली तेव्हा लोक बघायला आले. पानांच्याही आधी पांढरेशुभ्र झुपके, प्रत्येक फुलाला पाच पाकळ्या आणि मधे तांबूस ठिपक्यांचे केसर. दिसायला लग्नातला मंडप. वासाला मात्र मासळी! खरं सांगतो, नाशपातीच्या फुलांना तसाच वास येतो. गावातल्या मांजरी माझ्याखाली रांगेत बसल्या. यादोराव शेतातून आले, नाक वर केलं, हातपाय धुऊन मोठ्या आशेने पाटावर बसले आणि ताटात आलं वरण-भात. त्या दुपारपासून त्यांचं माझ्याशी बिनसलं.

त्यात फळ एकही धरेना. आमच्या फुलाला स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्या जातीच्या नाशपातीचा लागतो आणि ती सगळ्या मोहाडी तालुक्यात मला दिसली नव्हती. काही वर्षं अशीच गेली. मग यादोरावांना ट्रॅक्टरसाठी टिनाचं शेड बांधायचं मनात आलं आणि जागा सापडली ती माझी. यंदा फळ आलं तर झाड, नाही तर शेड, असा त्यांनी निकाल दिला. संध्याकाळी लीलाबाई माझ्या बुंध्याला हात लावून उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे तेव्हा झाड नव्हतं, मुलगा होता.

त्याच वर्षी गंमत झाली. तो बकरी हाकलणारा काटेरी फुटवा पहिल्यांदा फुलला, माझ्याबरोबरच फुलला. मधमाश्यांनी त्याचा पराग माझ्याकडे आणला. माझ्याच पायाशी माझा सोबती उभा होता आणि मी तालुकाभर शोधत बसलो होतो. पावसाळ्यात माझ्या फांद्या फळांनी वाकल्या.

पण अडचण सुटली म्हणता दुसरी उभी राहिली. फळं हिरवी, खरखरीत आणि दगडासारखी. नाकाडोंगरीच्या जंगलातून एक वानर खास चाखायला आलं आणि दात हातात घेऊन परत गेलं. यादोराव फळ झाडावर मऊ होण्याची वाट बघत राहिले. पण आम्ही झाडावर नीट पिकत नाही. आम्ही आतून बाहेर पिकतो, म्हणून फार दिवस ठेवलं तर वरून दगड आणि आत चिखल. एके दिवशी त्यांनी हट्टाने एक दगड चावला. कवळी त्या फळातच रुतून बसली. त्यांनी लाकूडतोड्या भुपेंद्रला निरोप धाडला.

लीलाबाईंनी मुदत मागितली, पोळ्यापर्यंतची. सणाच्या आधी दारचं झाड तोडू नये, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी सगळी फळं उतरवली आणि गोठ्याजवळच्या तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या ढिगात, कच्चे आंबे घालतात तशी, पुरून ठेवली. दुसरं काही त्यांना सुचलंच नाही. यादोराव खाटेवरून बघत होते.

"आंबा हाये का तो, तणसात घालाले? उद्या फणसाले पाळण्यात निजवशील."

"निजवीन," लीलाबाई म्हणाल्या. "तुमाले कायले तरास?"

पोळ्याच्या सकाळी यादोराव चांद्या बैलाला धुवायला न्यायला गेले, तर चांद्या दावं तोडून तणसात मानेपर्यंत घुसलेला. त्यांनी त्याला ओढून काढलं. त्याच्या तोंडातून रस गळत होता आणि सगळा गोठा घमघमत होता. या वेळी मासळीचा वास नव्हता. यादोरावांनी इकडेतिकडे बघून ढिगात हात घातला आणि एक पिवळं, मऊ फळ बाहेर काढलं. ते खाल्लं. मग दुसरं काढलं.

"कसा लागला जी दगड?" मागून लीलाबाईंनी विचारलं.

"रेती लागते दाताखाली," यादोराव म्हणाले आणि तिसरं उचललं.

ती रेती नव्हे, मित्रांनो. त्या माझ्या गरातल्या कडक कण्या आहेत. त्यांच्यावरूनच नाशपाती ओळखतात.

पोळा झाला आणि भुपेंद्र कुऱ्हाड घेऊन हजर झाला. लीलाबाई दारात आल्या. यादोरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग तणसाकडे.

"कुऱ्हाड आणलीच हायेस गा, तं बाभळीच्या फांद्या तोडून दे. तणसाले काट्याचं कुंपण घालाचं हाये. आमचा बैल लय खादाड हाये."

भुपेंद्रने त्यांच्या मिशीवरचा रस पाहिला. "कोणता बैल जी, काकाजी?"

लीलाबाई पदरात तोंड लपवून हसल्या. त्याच संध्याकाळी धर्मेंद्रचा फोन आला. एरवी यादोराव 'बरा हायेस ना' म्हणून फोन बायकोच्या हातात देत. त्या दिवशी ते फोन घेऊन माझ्याखाली आले आणि फळं कशी पिकवली हे मुलाला सांगत बसले. ऐकणाऱ्याला वाटावं, तणसाची युक्ती त्यांचीच. माझी आणि त्यांची स्वतःची एवढी स्तुती त्या घरात कधी झाली नव्हती. थापा मारण्यात ते माझ्याही पुढे गेले, पण मी हूं की चूं केलं नाही.

तर मित्रांनो, तुमच्या अंगणात एखादं झाड फळाशिवाय उभं असेल, तर रागावण्याआधी त्याला काय कमी पडतं ते जरा बघा. आणि माझं फळ घेतलं तर नख टोचून बघू नका, देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबा. कडक लागलं तर तणसात ठेवा आणि चार दिवस कळ काढा. बैलाला मात्र बांधून ठेवा. दोन्ही बैलांना.