रतनपेठेचे चार दरवाजे

त्या वर्षी भाव असा पडला की माघ सरत आला तरी आमच्या तांड्यातला कापूस घराघरांत पडून होता. बसंतीबाई, म्हणजे माझ्या वडिलांची आत्या आणि साऱ्या तांड्याची याडी, आई, त्याच ढिगाला पाठ टेकून गात असे आणि मी समोर बसून लिहून घेत असे. सेवालाल जयंतीला समितीला स्मरणिका काढायची होती. पुसदला शिकलेला, शिवाय कशालाही नाही न म्हणणारा, म्हणून हे काम माझ्याकडे आले.

तिचे गाणे म्हणजे एक वाट होती. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य लादून ज्या मार्गाने जात, तो मुक्कामामागून मुक्काम तिच्या ओळींत उतरला होता. नद्यांचे उतार, विहिरी, चिंचेची बने, आणि मध्यावर रतनपेठ. हे गाव आज कोणत्याही नकाशात नाही. एका फौजेने ते चार दिवसांत पाडले. बारवा दगडांनी बुजवल्या, देवळांचे कोरीव खांब तोफांच्या गाड्यांखाली अंथरले. त्या फौजेला धान्य पोचवणारे आम्हीच होतो. रिकामा बैल परत आणायचा नाही, हा आमच्या धंद्याचा नेम. म्हणून परतताना आमच्या माणसांनी देवळांच्या चार दरवाजांच्या फळ्या सुट्या करून बैलांवर लादल्या. बसंतीबाई त्या दरवाजांची नावे घेई, त्यांवरची एकेक वेल, एकेक मोर सांगे. रतनपेठेचे जगात एवढेच उरले होते.

हस्तलिखित समितीच्या अध्यक्षांकडे गेले. ते म्हणजे खेमसिंग गुरुजी; त्यांनी मला चौथीत शिकवले होते. त्यांच्यासमोर माझा आवाज अजूनही चौथीतच असतो.

"शाम, हे कायले लिवलं?"

"याडीनं म्हटलं तसं लिवलं, गुरुजी."

"माह्या बापाले दर हप्त्याले ठान्यात हजेरी द्या लागे. चोराची जात म्हनून. अन् तू छापून राह्यला, का आपून देवळाचे दरवाजे उचलून आनले? उमरखेडचे, आर्णीचे पाहुने येऊन राह्यले. त्यायच्या हाती देऊ हे?"

त्यांचे दुःख खरे होते. पण त्यांनी रतनपेठेच्या भागाचे पहिले पान वाचले आणि लाल पेनाने त्याची तिन्ही पाने खोडली. निदान तिसरे तरी वाचा, एवढेच मला म्हणायचे होते. म्हणालो मात्र, "हो, गुरुजी."

जयंतीला बसंतीबाई मंडपात ते गाणे म्हणणारही होती; तिला तो भाग गाळायला सांगण्याचे कामही अर्थात माझ्याकडेच आले.

"तू म्हनतं तं गाळीन," ती म्हणाली. "पन बैल कोन्या वाटेनं जातीन, ते तूच पाह्य बापा."

जयंतीच्या दिवशी मंडप भरला होता. नदीपर्यंत ती झरझर गायली. रतनपेठेच्या अलीकडची आमराई आली आणि ती थांबली. मागच्या मुक्कामापासून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा आमराईशी थांबली. तिसऱ्यांदाही तेच.

"याडी, पुढचं घ्या, पुढचं!" गुरुजी मंचाखालून म्हणाले.

"पुढचं कुठून घेऊ? मधातलं गाव कुठी हाय? बैल का उडून गेले?" माइकवरून सगळ्या मंडपाला ऐकू गेले.

"हेलिकॉप्टरनं गेले असतीन, याडी!" बायकांतून चंदाबाई ओरडली आणि हशा पिकला.

"शाम, सांग तिले पुढची ओळ. लवकर!"

वही माझ्या हातात होती. पलीकडच्या मुक्कामाची ओळ बोटाखाली होती. मी विटलो होतो. गुरुजींना, त्या हशाला, आणि सर्वांत अधिक स्वतःच्या आज्ञाधारकपणाला. मी पहिल्या दरवाजाचे नाव सांगितले.

ती क्षणात मार्गाला लागली. गुरुजींनी माइक बंद केला, तरी ती गात राहिली. तेवढ्यात पंगतीची हाक आली आणि मंडप भराभर रिकामा झाला. उरलो आम्ही तिघे. पुन्हा कुणी माइक चालू करू नये म्हणून गुरुजी बटणापाशी उभे होते, आणि म्हणून त्यांना ते सारे ऐकावे लागले.

गाणे पुढे असे होते: ते दरवाजे कोणत्याच झोपडीला बसेनात. देवाचे दरवाजे म्हणून कोणतेही गाव ते विकत घेईना. ओझ्याने बैलांच्या पाठी सोलल्या. अखेर एका नदीच्या उतारावर माणसांनी चारही दरवाजे हळूच उतरवले, त्यांच्या पाया पडले, आणि नायकाने तांड्याचा नेम मोडून बैल रिकामे घरी आणले.

गाणे संपले तसे गुरुजी बटणापासून दूर झाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "कोन्या नदीवर ठेवले म्हनते ते? नाव माह्या ध्यानात नाही राह्यलं."

"तिसऱ्या पानावर होतं, गुरुजी," मी म्हणालो.

मंचावर पाचशे छापील प्रती रचलेल्या होत्या. गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिले आणि मग बसंतीबाईला तेच विचारले.

"मधातून कसं सांगू?" ती वैतागून म्हणाली. "पहिल्या मुक्कामापासून म्हना लागते. अन् मले भूक लागली."

गुरुजी तिचे ताट वाढून आणायला स्वतः गेले.